गच्चीवरचं अंदमान

हैदराबादला काचीगुड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू जानेवारीत अंदमानला निघाल्यात. तिकिटं काढली त्याच दिवशी त्यांनी बेगम बाजारातून प्लास्टिकचा मोठा टब आणि पोहण्याचा चष्मा आणला. समुद्रातले मासे बघायचा सराव म्हणून रोज सकाळी त्या गच्चीवर चष्मा लावून, श्वास रोखून टबात तोंड बुडवतात आणि मी आकडे मोजतो. टबाच्या तळाशी त्यांच्या हिरव्या लाखेच्या बांगड्या असतात. "खाली बघायला काही तरी नक्को का रे?"

आकड्यांच्या बाबतीत त्या अजून ट्रेझरीत नोकरीला असल्यासारख्या कडक आहेत.

"किती?"

"बावीस, काकू."

"हौला आहेस काय, खुळ्या? पळत मोजलंस. एकोणीस धर."

काकांना मात्र पाण्याची भीती. महिनाभर त्यांचं एकच पालुपद: "मी किनाऱ्यावर झाडाखाली पेपर वाचणार. समुद्र तुझा तू बघ."

काल मला वर जायला जरा उशीर झाला. बघतो तर टबात काकांचं टक्कल! काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून मोजत होत्या, "नऊ, दहा, अकरा..." अकराला काका उसळून वर आले. मिशांतून पाणी गळत होतं.

"किती झाले?"

"पंचवीस," काकू बेधडक म्हणाल्या, आणि माझ्याकडे डोळे वटारले.

काका हरखून माझ्याकडे वळले. "खरंच?"

"हौ काका," मी म्हटलं. "आणि तेही काकू जरा सावकाशच मोजतात."