फॉलची पाटी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. चुकलं असेल तर माफ असावं, तसंही हे कोणाला दाखवायचं नाही.

साड्यांना फॉल-पिको करायला मशीन घेतली, तिचे पैसे नणंदेनं दिले होते. ती इथे केनवडातच, मागच्या गल्लीत राहते. पुढे तिच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाआधी पैसे द्यायचेच, असं मी मनाशी धरलं, पण गिऱ्हाईक येईना. दारात उभं राहून बायांना हाक मारणं माझ्याच्यानं होत नाही. पोरीला म्हटलं, पाटी लावू, तीच बोलेल.

पोरगी दहावीत. तिनं पत्र्यावर लाल रंगानं, एकेक अक्षर म्हणत, इंग्रजीत फॉल लिहिलं.

"एल दोन कायले? फाल म्हनताना आयकू तर एकच येते."

"तसंच असते, आई. आन् फाल नाही, फॉल म्हन."

मग तिनं डिक्शनरी पाहून सांगितलं, फॉल म्हणजे पडणं. धबधबाही फॉल, आणि अमेरिकेत पानगळीचे दिवसही फॉलच.

नणंद आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. "साडी नीट पडावी म्हून लावतात, मंग नाव बराबर हाय. पन वयनी, आपल्या गल्लीत हे वाचनार कोन?"

खरंच कोणी वाचलं नाही.

फॉल आधी भिजवून वाळवावे लागतात. नाहीतर ते पहिल्याच धुण्यात आटतात आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. घरात जागा नव्हती, म्हणून पाटीच्या खिळ्यापासून समोरच्या खांबापर्यंत दोरी बांधून रिसोडहून आणलेले सगळे फॉल वाळत घातले. राणी, मोरपंखी, हळदी. दुपारी किराणावाल्याची बायको तिथेच थांबली.

"वो बाई, फाल लावून राह्यल्या का तुमी? आदी काहून नाही सांगतलं?"

मी पाटीकडे बोट दाखवलं.

"हे होय! मले वाटलं लाइटवाल्याची धोक्याची पाटी असन."

संध्याकाळी ती साड्या घेऊन आली. मग तिची जाऊ आली, मग तिची शेजारीण. पाटी अजून आहे, दोरी बांधायला बरी पडते.

नवरीच्या शालूला फॉल लावून मी नणंदेकडे नेला आणि मशीनचे थोडेथोडे देऊन राहिलेले पैसे तिच्या हातावर ठेवले.

"शालूचे किती झाले?"

"काही नाही, बाई."

"मंग मीबी हे कायले घेऊ?"

मी तिची मूठ मिटवली. पैसे सगळे फिटले.