वारा बघून बसणारी

ती आधी वारा बघायची. सत्तरच्या दशकात मी मेलबर्नच्या एका हॉस्पिटलात नर्स होते आणि ही जपानी बाई तिथल्या लॉन्ड्रीत कामाला होती. लंचला आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर यायचो. ती ओलं बोट वर धरायची आणि तिच्या डब्याचा वास माझ्याकडे येणार नाही अशा टोकाला बसायची. डब्यात नात्तो असायचं, म्हणजे आंबवलेले सोयाबीन. चॉपस्टिकने तार सुटेपर्यंत ती ते घोटायची, मग मोहरीची पेस्ट, सोया सॉस आणि कांद्याची पात घालून भातावर घ्यायची.

"घरी डबा उघडला की माझा ऑस्ट्रेलियन नवरा खिडक्या उघडतो," एकदा ती म्हणाली. "इथं बरं. खिडकीच नाही."

मी वसईची. शेजारीण दार वाजवते म्हणून फ्लॅटमध्ये सुके बोंबील भाजणं मी सोडलं होतं. त्या संध्याकाळी मात्र भाजले, आणि दुसऱ्या दिवशी बोंबलाची चटणी तिच्यापुढे सरकवली. तिनं वास घेतला, चमचाभर चटणी नात्तोत घोटली, खाल्ली, मग आणखी घेतली.

त्यानंतर ती बोट वर न धरताच माझ्या शेजारी बसू लागली.