मागच्या दाराच्या चपला

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याबद्दल आधीच माफी. चौथीनंतर लिहायचं काम पडलं नाही. हे कोणाला दाखवायचंही नाही. पण त्या रविवारपासून हात स्वस्थ बसत नाहीत.

चित्रांच्या संग्रहालयात मी पुढच्या दाराशी दोरी धरून असते. थोडे लोक आत सोडायचे, दोरी लावायची. फार बोलावं लागत नाही म्हणून काम बरं वाटलं होतं. पण पहिल्याच दालनात देवांची चित्रं आहेत. ती दिसली की बाया दारातच चपला काढतात. काढू नका म्हटलं तर म्हणतात, "देवासमोर चपला घालून जाऊ काय वं?" बाहेर पडायचं दार मात्र मागच्या बाजूला. तिथे पोचल्यावर चपला आठवतात आणि सगळ्या उलट्या फिरतात.

त्या रविवारी मंगरूळपीरच्या आणि मालेगावच्या गाड्या एकदमच आल्या. आतले उलटे फिरले, मी नुकतेच सोडलेले पुढे निघाले, आणि दोन्हीकडचे लोक मधल्या अरुंद दारात अडकले. केनवडची एक मावशी माझ्या दोरीशी होती. तिची सून आत गेलेली.

"सातवा महिना हाये वं तिले! काहीतरी कर ना!"

सून भिंतीला चिकटली होती, दोन्ही हात पोटावर. "थांबा, थांबा," म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही.

"काय पुटपुटून राह्यली? दातखीळ बसली काय?" मावशी ओरडली.

मग कुठून आवाज आला कोण जाणे. "चपला मागच्या दाराले नेल्या हो! तिकडंच भेटतीन!"

नेल्या कुठे होत्या! पण गर्दी वळली. "माह्या नव्या होत्या वं माय!" म्हणत एक जण सगळ्यांच्या आधी पळाली. सून भिंतीपासून सुटली.

आता बोललेलं खरं करायचं होतं. दाराशी अंथरलेल्या सतरंजीत चपला कोंबल्या. दुसरं टोक मावशीनेच धरलं. बाहेरून ओढत मागे पोचलो तर सून पायरीवर बसून पाणी पीत होती. मावशीने तिच्या पोटावर हात ठेवला, मग मला म्हणाली, "आवाज हाये की तुले!"

संग्रहालयाच्या साहेबांनी दालन बंद केलं. बाहेर ताटकळलेल्यांना तिकिटाचे पैसे परत द्यायला मी खिडकीशी उभी राहिले. मावशी शेवटी आली.

"सुनेनं पाह्यलं, तिचे राहू द्या. माहे द्या."

मावशीचे दिले, आणि बाहेर राहिलेल्या सगळ्यांचे पैसे परत देऊन झाले.