नाकाकानांची बालवाडी

अख्ख्या लातूर जिल्ह्यात, आणि जिल्हा वेगळा झाला नव्हता तेव्हाच्या उस्मानाबादेतही, चार वर्षांच्या लेकरांच्या नाकाकानांवर माझ्या आत्याइतका विश्वास ठेवणारं माणूस झालं नसेल. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. चौथी शिकलेली, लवकर विधवा झालेली आणि औशाजवळच्या आमच्या गावात आमच्याच घरी राहणारी. दुष्काळात बाया रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागल्या आणि त्यांची लेकरं उन्हात दगडांच्या ढिगाशी लोळू लागली. तेव्हा आत्यानं कुणाला न विचारता वीस-बावीस लेकरं उचलली आणि वस्तीतल्या समाजमंदिरात आणून बसवली. हीच तिची बालवाडी.

खेळणी नव्हती, पाट्या नव्हत्या. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. चिंध्यांच्या पुरचुंड्यांत तिनं ओवा, हिंग, धने, गूळ बांधले. रॉकेलचा बोळासुद्धा बांधला. डोळ्यांवर फडकं बांधून लेकरांनी नुसत्या वासावर नाव सांगायचं. पावडरच्या रिकाम्या डब्यांत तूर, ज्वारी, वाळू भरून ती कानाशी खुळखुळवी आणि सारख्या आवाजाच्या जोड्या लावायला सांगे. दारापासून भिंतीपर्यंत वाळू, भुसा, गोणपाट, कडबा असा रस्ता केला होता. त्यावरून अनवाणी, डोळे मिटून चालायचं. मोठ्या माणसांनाही सूट नव्हती. एकदा पोस्टमन घाईत होता, तर त्याच्या चपला काढायला लावल्या. “बाई, डाक राहिली माझी,” तो रडकुंडीला आला. “डाक पळून न्हाई जात. पायाखाली काय हाय सांगा.” तो म्हणाला, भुसा. होता बारीक केलेला कडबा. तीन वर्षांची एक पोरगी इतकी हसली की पोस्टमन महिनाभर आमची पत्रं शेजाऱ्यांकडे टाकत होता.

मी तेव्हा लातूरला कॉलेजात होतो आणि मला या प्रकाराची थोडी लाज वाटे. सुट्टीत आलो की म्हणायचो, “आत्या, अगं अ आ इ शिकव ना त्यांना.” ती म्हणायची, “अक्षर कुठं चाललंय का पळून? आधी लेकरू तर जागं होऊ दे.”

मग नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब आले. सरकारी अंगणवाडी आमच्या गावाला द्यायची की शेजारच्या, हे ते ठरवणार होते. शेजारच्या गावातली पोरं म्हणे शंभरापर्यंत आकडे म्हणत. साहेबांनी आमच्या लेकरांना अ आ इ विचारलं. एकालाही आलं नाही. सरपंचांनी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाली, “सायेब, ह्यांचं नाक तपासा, कान तपासा.” साहेबांनी वही मिटली.

तेवढ्यात गावाचा टँकर आला. आठ दिवसांनी आलेला. तो आमच्या विहिरीत रिकामा करायचा आणि मग सगळ्या गावानं शेंदून घ्यायचं, अशी पद्धत. विहिरीच्या तळाला होतं तेवढंच पिण्याचं पाणी उरलेलं. ड्रायव्हर पाइप जोडू लागला. सरपंचांनी पाहुण्यांसाठी टँकरमधून पहिला तांब्या भरून आणला आणि पेला साहेबांच्या हातात दिला. त्यांच्या शेजारी बालवाडीतली सुली उभी होती, साडेचार वर्षांची. ती ओरडली, “पिऊ नगा! राकेल हाय त्यात!”

सरपंच तिच्यावर धावले. साहेबांनी वास घेतला. “मला तर काही येत नाही.” मलाही येत नव्हता. आत्या मात्र पदर खोचून विहिरीकडे पळाली आणि पाइपावर चक्क बसली. “आधी परीक्षा घ्या, मग सोडा पाणी!”

परीक्षा झाली. तीन वाट्या मांडल्या. दोन वाट्यांत टँकरचं पाणी, एकीत घरच्या माठातलं. सुलीचे डोळे बांधले आणि राकेलाचा वास नसलेली वाटी उचलायला सांगितलं. तिनं माठातलीच वाटी उचलली. साहेबांनी वाट्यांच्या जागा बदलल्या आणि दुसरं लेकरू बोलावलं, मग तिसरं. तिघांनीही तीच वाटी उचलली. साहेब ड्रायव्हरकडे वळले. तो टोपी काढून म्हणाला, “कालपरवापर्यंत रेशनचं राकेल वाहून राहिलो होतो, सायेब. धुतला होता, पण पाणी कुठं हाय धुवायला?”

टँकर तसाच परत गेला. विहीर वाचली. सुलीला सरपंचांनी खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं आणि खडीच्या कामावरून परतणाऱ्या बाया भर रस्त्यात टाळ्या वाजवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनीच दुसरा टँकर पाठवला. महिन्याभरात अंगणवाडीही आमच्याच गावाला मिळाली.

सेविकेच्या जागेला मात्र शिक्षण कमी पडलं. आत्याला मदतनीस म्हणून घेतलं. मी चिडलो, अर्ज लिहायला बसलो. तिनं कागद काढून घेतला. “लेकरांना पद दिसतंय व्हय रे?” नवी सेविका शहाणी निघाली, पहिल्याच दिवशी ती त्या वाळू-भुशाच्या रस्त्यावरून डोळे मिटून चालली आणि पुढं वीस वर्षं आत्याला विचारल्याशिवाय तिनं काही केलं नाही.

काम सुटल्यावर आत्याला मी नांदेडला माझ्या घरी आणलं. आठ दिवस टिकली. “तुझं घर लई चांगलं हाय रे, पण लेकराचा आवाज न्हाई,” म्हणाली आणि पिशवी भरली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. तिला खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटता सुटता मी हात हलवला. तिनं पाहिलंच नाही. शेजारच्या अनोळखी बाईचं लेकरू केव्हाच तिच्या मांडीवर आलं होतं आणि ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती. आत्याला मी पाहिलं ते तेवढं शेवटचं.