शेंद्र्याच्या माळावरची भाकरी

शहरात नामांतराचे मोर्चे निघत होते, भोवती कारखाने उभे राहत होते आणि मी सरकारी नोकरीत शेंद्र्याच्या माळावर खनिजं शोधत होतो. दगडात चिकणमाती असली की तो जिभेला चिकटतो, म्हणून मी दगड चाटून बघायचो. मेंढरं राखणारी एक आजी काठीवर हनुवटी टेकून रोज ते न्याहाळायची. एकदा तिनं फडकं सोडून अर्धी भाकरी पुढं केली.

"सरकार जेवाया देत नाय व्हय रं, लेकरा?"

मी हसून कारण सांगितलं.

"मंग गावलं का काय?"

"नाही, आजी. इथं खणण्याजोगं काहीच नाही."

"लई ब्येस झालं! मेंढरांचं रान वाचलं," म्हणत तिनं उरलेली अर्धीही माझ्या हातावर ठेवली.

माझ्या अपयशावर इतकं खूश होऊन मला पुन्हा कुणी जेवू घातलं नाही.