भिंतीवरचा खेकडा

नाशिकला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं तेव्हा माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. विषय होता, कलेतून शिक्षण. पन्नाशी ओलांडलेल्या आम्ही बायका कागदी मुखवटे लावून वाघ, ससा, मोर झालो, टाळ्यांवर पाढे म्हटले आणि दर खेळानंतर फोटो काढून ग्रुपवर टाकले. मी ससा होते. गुडघे धरलेले असताना ससा होणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले आणि ठरवलं, आता कुणी काहीही सांगितलं तरी हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

माझी शाळा हरसूलच्या पलीकडे, एका पाड्यावर. सकाळची एसटी, पुढे जीप, पुढे पायी. चार इयत्ता आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सर बघायचे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

तिसरीत एक मुलगी होती. दसरा झाला की तिचे आईवडील दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला जायचे, ते होळीलाच परतायचे. धाकट्या भावाला सांभाळायला हिला बरोबर न्यायचे. पहिली आणि दुसरी अशीच गेली. तिसरीत आली तरी तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि वर्गात ती तोंडच उघडायची नाही. आजी पाड्यावरच असायची. पोरीला तिच्याजवळ ठेवा म्हणून मी तिच्या वडिलांच्या मागे लागले. माणूस समजूतदार. म्हणाले, "बाई, दसऱ्यापोत वाचाया आलं तं ठेवतो आजीजवळ. धाकट्याचं बघू कायतरी. पण नाय आलं तं उगा ठेवून काय करू?" मी लगेच हो म्हटलं. तेव्हा हो म्हणायची सवयच लागली होती.

त्या पावसात वर्गाचं छत गळलं आणि माझ्या अक्षरकार्डांचा लगदा झाला. वर्षानुवर्षं जपलेली कार्डं. माझं डोकंच फिरलं. खिचडीच्या चुलीतला कोळसा आणला, सगळ्यांना बाहेर नेऊन शाळेच्या मागच्या, वळचणीखालच्या भिंतीपाशी उभं केलं आणि म्हटलं, पुस्तक गेलं खड्ड्यात, मी अक्षर काढते, त्यावरून तुमच्या घरात, रानात काय आठवतं ते शेजारी काढा. प्रशिक्षणातलं काही मनात नव्हतं, खरं सांगते. नुसता राग होता.

पोरं अशी काही भिडली की मी बघतच राहिले. न ला नागलीचं कणीस आलं, म ला मोहाचं फूल, क ला कोंबडी. ख काढला तेव्हा ती मुलगी पुढे आली, माझ्या हातातला कोळसा घेतला आणि खेकडा काढला. दोन नांग्या आणि आठ पाय, प्रत्येक पाय सांध्यात वाकलेला. मग अक्षराखाली बोट ठेवून म्हणाली, "ख." तीन वर्षांत मी ऐकलेलं तिचं ते पहिलं अक्षर. मला भरून आलं, आणि ते पोरांना दिसू नये म्हणून मी चौथीवर ओरडले.

त्यानंतर रोज प्रार्थना झाली की ती भिंतीपाशी जायची. एका टोकापासून बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत यायची. आधी चित्र बघायचं, मग अक्षर म्हणायचं. हळूहळू दोन अक्षरं जोडायला लागली. कधी खेकड्यापाशी, कधी कोंबडीपाशी थांबायची, पण शब्द पुरा करायची. पुस्तकात मात्र अजून अडायची. पुस्तकातल्या अक्षराशेजारी तिचं कुणीच नव्हतं ना. मला वाटायचं, अजून थोडे दिवस मिळाले तर भिंत सुटेल. तिच्या वडिलांना मी दसऱ्याआधीच्या सोमवारी तिचं वाचन ऐकायला बोलावलं होतं.

त्याच सोमवारी दुपारी तालुक्याहून पाहणी येणार असं कळलं. सर शुक्रवारी शाळा सुटताना मला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले. कोळसा पसरून भिंत काळी झाली होती, हे काही खोटं नाही. म्हणाले, "बाई, साहेब हे बघतील तर काय म्हणतील? पेंटर मिळतोय. उद्या शाळेला सुट्टी देऊ, शनिवार-रविवारात तो चारही भिंती बोलक्या करून देतो म्हणतो." त्या दिवशी माझा घसा बसला होता, अंगात कणकण होती, हजेरीची माहिती रेंज नसल्यामुळे तीनदा भरून तिन्ही वेळा उडाली होती आणि शेवटची जीप सुटायला आली होती. दोन वाक्यं बोलायची होती फक्त. ही भिंत सोडा, बाकीच्या रंगवा. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही. म्हटलं, "काय करायचं ते करा सर, मला आता काही विचारू नका." आणि जीप पकडली. दोन दिवस घरी झोपून काढले. भिंत मनात आली नाही असं नाही. आली, आणि मी कूस बदलली.

सोमवारी लांबूनच ऑइलपेंटचा वास आला. भिंत छान झाली होती, पेंटरचा हात चांगला होता. अ अननसाचा. ख खडूचा. न नळाचा, तोही चकचकीत पितळी, आणि पाड्यावर एक नळ नाही. पोरं खूश होती. तिचे वडील टोपी हातात घेऊन आधीच येऊन उभे होते.

ती रोजच्यासारखी भिंतीपाशी गेली. खेकड्याच्या जागी हात ठेवला, तर ओला रंग तळव्याला लागला. तिने तळवा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वाच गं, तेच अक्षर आहे." तिने हात पाठीमागे नेला. पुस्तक उघडून दिलं, तरी तिचं बोट पानावर टेकलं नाही. मी धावत वर्गात गेले, फळा बाहेर आणला आणि खडूने घाईघाईत खेकडा काढला. ती जवळ येऊन वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, खेकडा असा नसतो."

मी मोजले. मी सहाच पाय काढले होते.

मी तिच्या वडिलांना सांगायला लागले, की तिला येतं, भिंत असती तर तिने वाचलं असतं, अजून एक महिना द्या. माझं मलाच ते खोटं वाटत होतं. भिंत तर समोर उभी होती. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमी लय केलं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोरीचा तळवा रुमालाने पुसला आणि तिला घेऊन गेले. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी पिकअप आली आणि ती भावाला कडेवर घेऊन मागे चढली.

पाहणीवाल्यांना भिंत फार आवडली. तिच्यापुढे उभं राहून फोटो झाला, ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. पुढच्या आठवड्यात एक लिंक आली. कलेचा विद्यार्थ्यांच्या वाचनावर झालेला परिणाम: समाधानकारक, चांगला, उत्तम. यापैकी एक निवडल्याशिवाय पान पुढे जात नव्हतं. मी उत्तम निवडलं.

होळीला ती परत आली. उंच झाली होती, हातांना चीक लागून काळे डाग पडले होते. शाळेत आली ती सरळ मागे गेली. मी चुलीतला कोळसा घेऊन तिच्या मागोमाग गेले. तो तिच्या हातात देऊन म्हटलं, "काढ गं तुझा खेकडा. मी कुणाला पुसू देणार नाही."

तिने कोळसा घेतला. अननसापासून नळापर्यंत सगळी भिंत नीट बघितली, कोपऱ्यावरून वळून बाजूचीही बघून आली. मग कोळसा माझ्या हातात परत दिला.

"कुठं काढू, बाई?" ती म्हणाली. "जागाच नाय."