बोटकाकांचं कॉबलर

पीचचा डबा उघडण्याआधी बोटकाका त्याच्या झाकणावर चमच्यानं तीनदा टकटक करायचे आणि डोकं तिरपं करून ऐकायचे. आवाज पटला की मान हलवायचे. नाही पटला तर तो डबा सरळ कचऱ्यात जायचा, मग तो कुणी कितीही लांबून आणलेला असो. आम्ही मुलं हसायचो. मी एकदा चमचा घेऊन सगळे डबे वाजवून पाहिले. मला सगळ्यांचा आवाज एकच वाटला. "तुला नाही कळायचं," काका म्हणाले, "तुझ्या हातून अजून कुणाचं पोट बिघडलं नाही."

कोपरला रेल्वेलाइनीला लागून आमची बिल्डिंग होती. तिथे ते आमच्या समोरच्या घरात एकटे राहायचे. मूळचे दापोलीकडचे, लग्न केलेलं नव्हतं, मालवाहू बोटींवर तीसेक वर्षं कुक होते. म्हणून बोटकाका. खरं नाव मला त्यांच्या लाइटबिलावर वाचून कळलं, तेव्हा मी दहावीत होते. उजव्या हातावर निळ्या नांगराचं गोंदण होतं आणि वयानं कातडी सैल पडल्यामुळे तो नांगर जरा वाकडा झाला होता. आधी काय करायचात, असं कुणी विचारलं तर ते एका शब्दात सांगायचे, "स्वयंपाक." बिल्डिंगमधले बाकीचे पुरुष आपापला हुद्दा जरा घासूनपुसून सांगत, काकांना त्याची गरज कधी वाटली नाही. मला मात्र फार वाटायची. कॉलेजात मैत्रिणींना मी ते मर्चंट नेव्हीत होते असं सांगायचे. तसं ते खोटंही नव्हतं. माझी खोटं बोलण्याची तयारी अशी हळूहळू आणि सभ्यपणे झाली.

स्वयंपाकघराला ते गॅली म्हणायचे. तिथल्या प्रत्येक फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकलेली होती, बोट हलली तर डबे घसरू नयेत म्हणून. माझे बाबा चिडवायचे, अहो, ही बिल्डिंग कुठे हलतेय? काका चहा पीत थांबायचे. मालगाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची, मग ते बाबांकडे नुसते बघायचे. मला त्या गॅलीत बसायला फार आवडायचं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला त्यांच्याबद्दल माया नव्हती. माया होती. माया असूनही माणूस असं वागतो, हेच तर सांगायचं आहे.

त्यांचं पीचचं कॉबलर बिल्डिंगभर प्रसिद्ध होतं. केक नाही, शिरा नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. बोटीवर पहिल्या आठवड्यात ताजी फळं संपायची, मग उरायचे ते डबे. "पंधरा दिवस नुसतं पाणी बघितलेल्या माणसाला गोड लागतं," ते सांगायचे, "आणि गरम लागतं." करायला इतकं सोपं की लाज वाटावी. भांड्यात लोणी वितळवायचं. एक वाटी मैदा, एक वाटी साखर, थोडी बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वाटीला थोडं कमी दूध यांचं सरबरीत पीठ त्या लोण्यावर ओतायचं. त्यावर पीचच्या फोडी, डब्यातला चारपाच चमचे पाक, आणि वरून जायफळ. ते जायफळ त्यांच्या गावचं. मग सगळं त्यांच्या गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये. पीठ आपोआप फळांच्या वर येतं, कडा खरपूस होतात.

एकच नियम होता, ढवळायचं नाही. लोण्यावर पीठ ओतलं की माझा हात चमच्याकडे जायचाच. काका तो चमचा काढून घ्यायचे. "ढवळायचं नाही गो बाय. ज्याला वर यायचंय ते येतं."

माझं लग्न ठरलं ते नौपाड्यातल्या घरात. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, दिवाणखान्यात भिंतभर पुस्तकं, बोलणं एकदम शुद्ध. आमच्याकडे दोन खोल्या, डोंबिवलीतल्या एका कंपनीत स्टोअरकीपर असलेले बाबा, आणि गाडी आली की अर्ध्यात थांबणारं संभाषण. मी त्या घराला इतकी दबून होते की तिथे चहाचा कप खाली ठेवतानाही आवाज होऊ देत नसे. काकांनी जाहीर करून टाकलं की पहिलं केळवण माझं. एकट्या माणसाच्या घरी केळवण कसं करायचं, म्हणून आईनं जेवण आमच्याकडे ठेवलं आणि गोड काकांचं, असं ठरलं. मुलाबरोबर सासूबाईही येणार होत्या.

आदल्या दिवशी मी काकांना सांगितलं, उद्या फुल शर्ट घाला. "थंडी पडलीय का?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी स्वतःच आपल्या हाताकडे पाहिलं आणि घालतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी इस्त्री केलेला पांढरा फुल शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून ते आले.

जेवण छान झालं. शेवटी काका स्वतःच्या घरून गरम भांडं घेऊन आले. ते धरायला सोपं जावं म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या होत्या. सासूबाईंची नजर त्या नांगरावर गेली आणि तिथेच थांबली. त्या वाईट बाई नव्हत्या, पण कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब त्यांच्या मनात न बोलता चालायचा. त्यांनी वाटी जरा मागे सरकवली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कुणी केलंय? अंडं नाही ना यात?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. ते काय सांगणार, मला ठाऊक होतं. तोच एक शब्द. त्यांच्याआधी मी बोलले, "मीच केलंय आई. बिनअंड्याचं."

माझी आई खाली पानाकडे बघत राहिली. बाबा पाणी प्यायले. काका हसून म्हणाले, "हो, तिनंच केलं. मी फक्त डबा फोडला." भांडं खाली ठेवून त्यांनी बाह्या परत खाली केल्या आणि बटणं लावली. सासूबाईंनी वाटी पुढे केली. दुसऱ्यांदाही घेतलं. आमच्या घरात असलं काही कुणाला येत नाही, असं म्हणाल्या. मी लाजले. कशाला लाजले कोण जाणे, खरी लाज तर मला पुढे आयुष्यभर पुरली.

पाहुणे गेल्यावर मी भांडं परत द्यायला गेले. वाटलं, ते काहीतरी बोलतील, मग मी रडेन, मग संपेल. ते ओटा पुसत होते. म्हणाले, "कड आज जरा जास्त भाजली." बस. ढवळायचं नाही हा नियम ते फक्त पिठाला लावत नसत, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी भांडं फळीवर ठेवलं आणि घरी आले.

एकदा बोललेलं खोटं मग रोज सांभाळावं लागतं. सासरी पहिले पाहुणे आले आणि सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, हिच्या हातचं ते पीचचं खाऊन बघा. मी ते कधी स्वतः केलेलंच नव्हतं. पहिल्यांदा ढवळलं आणि गोड लापशी झाली. ओव्हन खराब आहे म्हणाले, दुसरं खोटं. फोन दिवाणखान्यात होता, म्हणून कोथिंबीर आणायच्या निमित्तानं खाली बूथवर जाऊन मी काकांना फोन करायचे. ते मापं सांगायचे, लोणी किती तापवायचं ते सांगायचे. तू का विचारतेस, कुणासाठी करतेस, असं एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत फोन करावा अशी त्यांची अपेक्षा असायची, एवढं कळायचं, कारण केला की लगेच विचारायचे, आवडलं का त्यांना? हो म्हटलं की म्हणायचे, "मग झालं तर."

एका संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलेलं, आणि फराळात अर्थातच माझं म्हणून कॉबलर. दारावरची बेल वाजली म्हणून मी गेले तर समोर काका. कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पीचचे दोन डबे. त्यांचा बोटीवरचा एक जुना सोबती सुट्टीवर आला होता, त्यानं आणलेले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या सासरी आले होते, बोलावल्याशिवाय, कारण मी कधी बोलावलंच नव्हतं. हाफ शर्ट होता.

मी दार अर्धं ओढून घेतलं. "आत बायका आहेत काका. हळदीकुंकू आहे." एवढ्या कारणानं पुरुषमाणसाला बाहेर ठेवता येतं, आणि ते कारण हाताशी आहे याचं मला बरं वाटलं. प्रत्यक्षात सासरे आत खुर्चीवर बसून वाचत होते. काकांनी मान हलवली. पिशवी माझ्या हातात दिली. मग नाक जरा वर करून म्हणाले, "जायफळ थोडं जास्त झालंय बघ," आणि जिना उतरून गेले. कोपरवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. इतर गोष्टींचं मी मनाशी काही ना काही समर्थन करून ठेवलं आहे. या पाण्याचं करता आलेलं नाही.

पुढे सासूबाईंच्या महिला मंडळानं पाककृतींची पुस्तिका काढली. त्यात माझा फोटो, माझं नाव आणि खाली कृती. "ढवळू नये" हेही छापलं. आईनं ती पुस्तिका कोपरला नेली आणि मला कळवलं की काकांनी ते पान कापून गॅलीत फळीखाली चिकटवलंय. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात, आमच्या पोरीचं छापून आलंय म्हणून. आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मग आमची कोपरची बिल्डिंग पाडायला घेतली, आईबाबा भावाकडे गेले आणि काकांना त्यांचा पुतण्या ठाकुर्लीला घेऊन गेला. नौपाड्याहून ठाकुर्ली काही परदेश नाही. तरी मी गेले नाही. जाईन तेव्हा खरं बोलेन असं ठरवलं होतं, आणि खरं बोलायचं म्हणजे आधी घरी सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटच्या आजारपणातही त्यांनी दोन चमचे कॉबलर मागून खाल्लं आणि माझ्या हातावरून हात फिरवला. त्या गेल्यावर महिन्याभरानं मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच? मला वाटलेलं काय नि काय." तेव्हा मला माझी जास्तच चीड आली. ज्या भिंतीला मी बावीस वर्षं घाबरले ती कदाचित नव्हतीच. आणि सांगितलं ते कधी, तर ऐकून नाराज होणारं माणूस उरलं नाही तेव्हा. त्यात हिंमत कसली?

एका रविवारी सकाळी कॉबलर केलं आणि काचेचं भांडं टॉवेलात गुंडाळून ठाकुर्लीला गेले. डबा उघडण्याआधी तीनदा वाजवलाही. पुतण्याच्या बायकोनं दारातच सांगितलं, त्यांना माणसं ओळखू येत नाहीत हो आता, वाईट वाटून घेऊ नका. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. खूपच लहान झाले होते. हाफ शर्ट होता आणि नांगर आता ओळखू येत नव्हता. त्यांनी माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं अदबीनं पाहिलं. मी वाटीत वाढून दिलं. एक घास घेतला, डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हे आमच्या नौपाड्याला दिलेल्या पोरीचं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला असं जमत नाही. पुस्तकात आलंय तिचं."

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "काका, ती मीच. आणि हे माझं नाही, तुमचं आहे. केळवणाच्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही केलेलं मी माझं म्हणून सांगितलं."

इतकी वर्षं हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं होतं की ते धड पाठ झालं होतं. काकांनी वाटी खाली ठेवली. त्यांच्या कपाळावर आठी आली. रागावलेलं मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"असं बोलू नये कुणाबद्दल," ते म्हणाले. "पोरगी खोटं बोलणारी नाही. तिनंच केलं. मी तिथेच होतो ना. मी फक्त डबा फोडला."

मी परत सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाचवायला म्हणून ते जे एकदा बोलले होते, ते इतकी वर्षं इतक्या जणांना सांगून आता त्यांच्यापुरतं खरं होऊन बसलं होतं. माझं खोटं माझ्याकडून परत घेऊ शकेल असं माणूस आता त्या खोलीत कुणी नव्हतं.

काकांनी पुन्हा वाटी उचलली. दोन घास खाल्ले. मग त्यांचं लक्ष माझ्या डोळ्यांकडे गेलं असावं. त्यांनी आत हाक मारली, "अगो, ही बाई लांबून आलीय. हिला पाणी दिलंस का?"